ओरिनच्या कानामागची पेन्सिल

ओरिन टीग कुठलीही बंदूक हातात घेतली की आधी उघडून रिकामी आहे ना ते बघायचा. मग ती दुसऱ्याला दाखवायचा. मग पुन्हा स्वतः बघायचा.

कॉफी बशीत ओतून प्यायचा. अंडं खाण्याआधी त्याला "माफ कर" म्हणायचा. गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा, अनोळखी माणसालाही. कानामागे कायम एक टोकदार पेन्सिल असे, पण लिहायचा पेननेच. पेन्सिलीच्या मागचं रबर मात्र नेहमी नवं कोरं.

ती पेन्सिल कशासाठी, हे मला आत्ता आठवड्यापूर्वी कळलं. आणि ओरिन बुधवारी गेला. झोपेतच. वय एक्क्याऐंशी.

दोन वर्षांपूर्वी साहित्याची पदवी घेऊन मी इथे, इंडियानातल्या या गावात, ग्रंथालयात नोकरीला आले. ओरिन मोठ्या टाइपातली पुस्तकं न्यायला यायचा. चाळीस वर्षं तो कारखान्यात साचे बनवत होता आणि फावल्या वेळात नेमबाजांची रिव्हॉल्व्हर दुरुस्त करत होता. एकदा माझे हात बघून म्हणाला, "अगं साहित्यवाली, बोटं बारीक आहेत, पण थरथरत नाहीत. शनिवारी क्लबवर ये." मी गेले. मग दर शनिवारी जात राहिले.

ऑक्टोबरात क्लबची जोडीची स्पर्धा असते. यंदा मी आणि ओरिन जोडी होतो. माझ्याकडे क्लबचं उसनं रिव्हॉल्व्हर होतं. त्याचा चाप इतका जड की चाळिसाव्या गोळीला बोट मेलेलं असे. मला स्वतःचं हवं होतं. ओरिनने बघून "घे" म्हटल्याशिवाय क्लबात कुणीच जुनी बंदूक घेत नसे. तो प्रत्येक बंदुकीचं एक कार्ड करायचा. शेवटची ओळ ठरलेली: घ्यावी की नाही.

त्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये जुन्या सामानाचा बाजार होता. कर्टिस पर्सेलच्या टेबलावर ते पडलं होतं. मूळचं पोलिसांचं साधं रिव्हॉल्व्हर. आता त्यात मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. बारीक नळी काढून मनगटाएवढी जाड नळी बसवलेली. वर नेम धरायची लांब पट्टी. मागच्या घोड्याचं, अंगठ्याने ओढायचं शिंग कापून टाकलेलं. मी चाप ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

"मला हेच हवं," मी म्हटलं.

"पोरी, लग्नाला उभं राहण्याआधी स्थळ बघतात," ओरिन म्हणाला आणि चष्मा बदलला.

कर्टिस हसला. "बघ, बघ. खोट सापडली तर माझी टोपी तुझी."

"तुझी टोपी कुत्रंही घालणार नाही."

ओरिनने बंदूक उघडली, रिकामी बघितली, मला दाखवली, पुन्हा बघितली. मग बाजूची पट्टी बघून एकदम थांबला. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एकाच दिशेला होत्या, नळीला समांतर.

"व्हॉस," तो म्हणाला. चिलट गिळल्यासारखा.

हार्लन व्हॉस हा शेजारच्या जिल्ह्यातला कारागीर. स्क्रूंच्या खाचा अशा एका दिशेला लावणं ही त्याची खूण. तीस वर्षांपूर्वी एका स्पर्धेत त्याने ओरिनने केलेलं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन चारचौघांत म्हटलं होतं, "चाप छान आहे. बाकी घासकाम नांगराच्या फाळाचं." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. क्लबात हे सगळ्यांना माहीत होतं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं सरकत जवळ आली.

 व्हॉसच्या हातचं काम ओरिन चांगलं म्हणणार कसं?

ओरिनने खोट शोधायला सुरुवात केली. सिलिंडरची सहाही घरं एकेक करून बंद करून हलवून बघितली. हललं नाही. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीत पातळ पत्र्याचं गेज सरकवलं. बरोबर. नळीत उजेड धरून बघितलं. काडतूस सरकायला घरांच्या कडा गोल केल्या होत्या, त्यावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. दर खेपेला त्याचा चेहरा आणखी पडत होता.

"संग्रहवाला याला हात लावणार नाही," शेवटी तो म्हणाला. "मूळचं काही ठेवलंच नाही."

"मला कपाटात ठेवायचं नाहीये, ओरिन."

"माहितेय गं," तो चिडून म्हणाला.

मग त्याने कानामागची पेन्सिल काढली. नळी छताकडे धरली आणि रबर खाली करून पेन्सिल आत सोडली. ती पार मागपर्यंत गेली. त्याने चाप ओढला. आतला खिळा रबरावर आपटला की पेन्सिल वर उडते. ठोका जोरदार असेल तर थेट छताला लागते. क्लबच्या छतावर पेन्सिलींचे इतके काळे ठिपके का आहेत, हे मला तेव्हा कळलं.

ही पेन्सिल जेमतेम वीतभर उडाली आणि कर्टिसच्या कॉफीत पडली.

सगळे हसले. मी सोडून.

ओरिनने मुठीच्या पुढचा बारीक स्क्रू काढून भिंगाखाली धरला. मोठ्या स्प्रिंगला ताण देणारा हाच. त्याचं टोक तिरकं घासलेलं होतं, कानशीचे ओरखडे तसेच.

"कर्टिस, लेका, हे तुझं."

"थोडंसंच घासलं," कर्टिस म्हणाला. "लोक टेबलावर चाप ओढून बघतात ना. मऊ लागला की घेतात."

"नुसतं टेबलावरच ओढायचं असेल तर स्टेपलर वीक! या ठोक्याने दहातली तीन काडतुसं उडणार नाहीत. पोरगी स्पर्धेत टकटक करत बसेल." ओरिनचा आवाज चढला. "एवढं सुंदर काम, आणि त्याला तू कानस लावलीस? व्हॉसने असं कधी केलं नसतं!"



"काय म्हणालास?" कर्टिसने कॉफीतून पेन्सिल काढत विचारलं. "पुन्हा म्हण की. माझ्या बायकोला ऐकवायचंय."

ओरिनचे कान लाल झाले. "स्क्रू नवा करावा लागेल," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारपर्यंत हे कुणाला विकू नकोस. आणि तुझी टोपी राहू दे तुलाच."

दुपारी त्याच्या शेडमध्ये बसून त्याने फोन लावला. नंबर त्याला तोंडपाठ होता.

"हार्लन? ओरिन बोलतोय."

 पलीकडून मोठा आवाज, मलाही ऐकू आला: "कुठला ओरिन?"

"नांगरवाला."

पलीकडचा माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. स्क्रूची लांबी मिळायला दोन मिनिटं लागली. बोलणं चाळीस मिनिटं चाललं. गुडघे, लेथ, डॉक्टर, परत लेथ. शेवटी व्हॉस म्हणाला, "जरा लांबच ठेव. बंदुकीत बसवून मग टोक घास."

"हे तू मला शिकवतोस?" ओरिन म्हणाला. खूष होता.

ठरलं असं: शनिवारी तिघांनी मैदानावर भेटायचं. मी पन्नास गोळ्या झाडायच्या. पन्नासच्या पन्नास उडाल्या तरच घ्यायचं.

शनिवारी आम्ही चर्चमध्ये भेटलो. तळघरात अंत्यविधीनंतरचं जेवण होतं, बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स आणि पर्सिमन फळाचं पुडिंग. कर्टिस हातात टोपी चुरगाळत आला. "विकलेलं नाही मी ते," म्हणाला. "थांबतो." एक उंच, वाकलेला म्हातारा दारात उभा होता. त्याच्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती. बटणांच्या टाक्यांच्या रेघा एकाच दिशेला होत्या. मी ओळखलं.

जेवणानंतर मी व्हॉसला शेडमध्ये नेलं. लेथच्या जबड्यात पोलादाची बारीक काडी अडकवलेली होती. आटे पाडून झाले होते. स्क्रू अजून काडीपासून कापायचा होता, टोक घासायचं होतं. व्हॉसने ओरिनचंच भिंग घेतलं. खूप वेळ आटे बघत राहिला. कुठे काही सापडतंय का ते बघत होता.

"नांगर नाही हा," शेवटी तो म्हणाला आणि नाक शिंकरलं.

बाजूला कार्ड पडलं होतं, पेनने लिहिलेलं. सिलिंडर: पक्कं. फट: बरोबर. नळी: स्वच्छ. घरांच्या कडा: माझ्यापेक्षा चांगल्या. चाप: नवा स्क्रू बसल्यावर बघणे. पन्नास गोळ्या: शनिवारी.

घ्यावी की नाही: