सिग्नलला बंद पडणारी बाबांची गाडी

बाबांनी त्यांची मोटरसायकल वहिनीला वापरायला दिली, हे मला आईकडून फोनवर कळलं. मी बाबांना फोन द्यायला सांगितला, तर आई म्हणाली, "ते नाहीत गं वर. दोघं खाली आहेत, गाडीकडे." पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलंच नाही.

बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली त्यांची तेव्हाची जुनी गाडी लावलेली असायची आणि सुट्टीच्या दिवशी ते तिच्यासमोर पाट टाकून बसायचे. मी शाळेत असताना त्यांच्या मागे जाऊन उभी राहायचे. पाना उचलला की म्हणायचे, "ठेव तो. हात काळे होतील." दादाला मात्र हाक मारून बोलवायचे. त्याला कंटाळा यायचा, तो पळून जायचा आणि बाबा एकटेच काम करत बसायचे. मी तिथेच असायचे.

नोकरी लागल्यावर मी सेकंडहँड मोटरसायकल घेतली, फ्युएल इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी सेन्सरवर चालणारी. बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले, "स्कूटी घेवची होतीस." बघायला खाली उतरायलासुद्धा त्यांनी खूप दिवस लावले. ती गाडी मला सतत त्रास द्यायची. साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये बसून बसून, व्हिडिओ बघून, चुका करून मी हळूहळू शिकले. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

आणि आता ही वहिनी. दादाचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. साताऱ्याची. लग्नाआधीपासून गाडी चालवणारी. बाबांनी तिला ग्लोव्ह्ज आणून दिले. त्यांच्या स्टेटसवर तिचा फोटो, गाडीवर बसलेली, हेल्मेट हातात. मी तो फोटो अंधेरीच्या माझ्या खोलीवर बसून मोठा करून पाहिला. तिच्या नखांत काळं गेलेलं होतं. त्या नखांवर मी किती जळले, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या रविवारी मी न कळवता ट्रेनने मुलुंडला गेले. खाली दोघं बसलेली. बाबा पाटावर, वहिनी उकिडवी, सीट काढून भिंतीला टेकवलेली. बाबा म्हणत होते, "पोरी, तो फडको दी." मला वाटलं मलाच म्हणाले. वहिनीने फडका दिला.

"आलीस? वर जा, आईने घावणे केले आहेत," बाबा म्हणाले.

मी गेले नाही. वहिनी उठून म्हणाली, "अगं, बरं झालं आलीस. ही बघ ना, सिग्नलला बंद पडते. रस्त्यावर झकास पळते. थांबली की इंजिन धडधडायला लागतं आणि मरते. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली."

"जुन्या गाडीसारखो कार्बोरेटर असतो तर एव्हाना झाला असता," बाबा म्हणाले. "ह्याचा काय समजतच नाय."

बाबांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना जे येत नव्हतं, ते मला येत होतं. मी म्हणाले, "सेन्सरची कनेक्शनं हलवून बघितली?"

"तुका काय कळता गो ह्यातला?"

मी उत्तर द्यायच्या आत वहिनी म्हणाली, "बघू द्या ना बाबा तिला."

माझ्या बापाच्या गाडीला हात लावायची परवानगी मला ही देणार. तरी मी बसले. गाडी चालू ठेवून एकेक कनेक्टर हलवला. थ्रॉटलचा, मग तापमानाचा. काही फरक नाही. इंजिन शांत चालत होतं, जणू काही झालंच नव्हतं. बाबा माझ्याकडे न बघता पाने गोळा करत होते.

"अशी उभी असताना नाहीच करत ती," वहिनी म्हणाली. "चल, चक्कर मारून येऊ. तू चालव."

हायवेवर खरंच छान पळाली. ऐरोलीच्या सिग्नलला उजवीकडे वळायचं होतं. मी इंडिकेटर लावला, ब्रेक दाबून थांबले, आणि इंजिन भकभकलं. वहिनी मागून म्हणाली, "बघ, आता मरेल." मरायच्या आधी मी ऐकलं. ते भकभकणं एका तालात होतं. इंडिकेटरची टिकटिक आणि इंजिनची उचकी एकदमच येत होती. मग गाडी बंद पडली आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारायला सुरुवात केली.

ढकलत बाजूला घेतली. चालू करून पुन्हा करून पाहिलं. नुसता ब्रेक दाबला, थोडी धडधडली. ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही, की मेलीच. हॉर्न दाबला तरी उचकी.

"करंट कमी पडतोय," मी म्हणाले. "लाईट लागली की इंजिनला पुरत नाही."

वहिनी हेल्मेट काढून म्हणाली, "एक सांगू? बाबा मला दोन-तीनदा म्हणाले, तिला फोन कर, तिची गाडी पण असलीच आहे, ती काय करते विचार. मी नाही केला."

"का?"

"तू आली असतीस आणि करून टाकलं असतंस. मग ते तुझ्याशीच बोलत बसले असते." ती रस्त्याकडे बघत होती. "माझे वडील मी लहान असताना गेले. मला पहिल्यांदाच कुणीतरी असं शेजारी बसवून शिकवतंय. म्हटलं, असू दे यार, एवढं तरी माझं."

मला तिचा राग आला. तोंडावर 'तुका काय कळता' म्हणणाऱ्या बाबांनी पाठीमागे माझं नाव काढलं होतं आणि ते माझ्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं हिने. पण रागाबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. इतके महिने मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. परत येताना मी गाडी तिला दिली आणि मागे बसले.

बाबा खालीच होते. मी सांगितलं, "इंडिकेटर आणि ब्रेक एकदम लावला की इंजिन त्याच तालात उचक्या देतं." त्यांनी मान वर केली. नजर बदलली त्यांची.

"परत सांग."

मी परत सांगितलं. ते उठले, पेटीतून जाड वायरचा तुकडा काढला. "अर्थिंग," म्हणाले. "करंट परत बॅटरीत जावची वाट. कार्बोरेटर असो नायतर तुझा इंजेक्शन असो, सगळ्यांका लागता." वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसरं मला दिलं. "इंजिनाक टेकव." वहिनीला म्हणाले, "गाडी चालू कर. ब्रेक दाब. इंडिकेटर लाव."

मी टेकवलं. इंजिन स्थिर. काढलं, उचकी. टेकवलं, स्थिर. बाबा मोठ्याने हसले. मग आम्ही बॅटरीच्या निगेटिव्हची वायर दुसऱ्या टोकापर्यंत तपासत गेलो. चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे ती बोल्टने बसवली होती तिथे हिरवट गंज धरला होता. वरून नट घट्ट दिसत होता, आत सगळं खाल्लेलं. माझी बोटं बारीक म्हणून पॉलिश पेपर मला दिला. वहिनी टॉर्च धरून होती. बाबा मध्येच म्हणायचे, "अजून आत घे, नीट धर." कुणाला म्हणत होते ते कळायला मार्ग नव्हता, कारण "पोरी" म्हणत नव्हते.

बोल्ट आवळून झाल्यावर वहिनी हात धुवायला नळाकडे गेली. तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"बाबा, मला का नाही शिकवलंत?"

ते फडक्याने पाना पुसत होते. पुसत राहिले. "माका तेव्हा सुचलाच नाय गो," म्हणाले. "वाटायचा, पोरगी हा, उगीच कशाक. तू उभी असायचंस ता दिसायचा. पण सुचला नाय."

मला वाटलं होतं काहीतरी कारण असेल. आईचा विरोध, आजोबांचं बोलणं, काहीही. सुचलं नाही, एवढंच. याच्यावर भांडताही येईना. मी म्हणाले, "माझ्या गाडीची चेन आवाज करते." खरं तर ती मी आदल्याच आठवड्यात घट्ट करून घेतली होती.

"घेऊन ये पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "बघूया."

जेवणं झाली. घावणे गार झाले होते, तरी मी सगळ्यांत जास्त खाल्ले. संध्याकाळी बाबांना मासळी आणायला बाजारात जायचं होतं. वहिनीने चावी घेतली. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. बाबा मागे बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. गेटपाशी तिने ब्रेक दाबला, इंडिकेटर लावला आणि इंजिन एका लयीत चालत राहिलं. ते मी दुरुस्त केलं होतं. बाबा मात्र तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते, आणि ती हसत होती, आणि मला ते ऐकू येत नव्हतं.