गोठ्यात वाजणारा फोन

आमची वस्ती मिरजगावपासून आत, दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात आहे. खळगा केवढा, तर सकाळी आमच्या अंगणात यायचं म्हटलं की सूर्य आधी टेकडीवर बसून दम खातो. वारा वरूनच निघून जातो, खाली बघतसुद्धा नाही. अशा ठिकाणी मोबाईलच्या रेंजनं उतरावं अशी अपेक्षा आम्ही कधी केली नव्हती.

फोन मात्र होता. मुलगा नगरच्या पलीकडं, सुपा गावच्या कारखान्यात कामाला लागला तेव्हा त्यानं आणून दिलेला. फोनही एका कंपनीचा आणि सिमही त्याच कंपनीचं, जोडीनं मिळालेलं. घरात, ओट्यावर, विहिरीवर, कुठंच त्याला रेंज नसायची. एकच जागा होती, कडब्याच्या गंजीचा माथा. रोज संध्याकाळी मी शिडी लावून गंजीवर चढायचो, एका हातानं टोपी धरायचो आणि सुप्याला फोन लावायचो. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर होतो. माझ्या वर्गात कोणी पाढा चुकला की पलीकडच्या गावची पोरं उठून उभी राहायची. त्यामुळे गंजीवरून मी दोन वाक्यं बोललो की मुलगा म्हणायचा, दादा, फोन ठेवला तरी चालेल, तसंही ऐकू येतंय.

व्यवस्था उत्तम होती. तिच्यात खोट एवढीच की आमच्या दोन गाई ती गंज खात होत्या. गंज रोज थोडी खाली यायची आणि रेंज होती तिथंच वर राहायची. आधी मी टाचा उंच करून बोललो. मग गंजीवर पाट ठेवला. मग पाटावर तेलाचा डबा. शेवटी एका संध्याकाळी डब्यावर उभा राहून हात आभाळाला लावला तरी फोन मुका. गाईंनी आमचा सुप्याशी असलेला संबंध खाऊन, वर रवंथही करून टाकला होता.

बायको म्हणाली, राहू द्या आता, बाजारच्या दिवशी मिरजगावला जाल तेव्हा तिथनं बोला. मला ते एकदम पटलं. पण तोवर मुलाला हे कळवायचं कसं, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

तो मुलाला पडला. बाजार यायच्या आतच एका सकाळी त्याची मोटारसायकल उतारावरून अशी आली की कोंबड्या झाडावर गेल्या, आणि त्यातल्या दोन अजून उतरायला तयार नाहीत. आम्ही नवराबायको ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. तो गाडी तशीच आडवी टाकून आमच्यासमोर उभा राहिला. बोलेना, हेल्मेट काढेना. मला वाटलं, पट्टा अडकला. मग त्याचे खांदे हलताना दिसले. पोरगं हेल्मेटच्या आत रडत होतं.

चहा झाल्यावर त्याला राग आला, आणि तो हक्काचा होता. रोज फोन लावतोय, रोज ती बाई सांगते की संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सुपा ते नगर आणि नगर ते इथवर मी काय काय मनात आणलं ते तुम्हाला सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. मग आईकडं बघून त्यानं ठरवून आणलेलं बोलून टाकलं.

"आई, एक तर या घरात फोन वाजला पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीला मी टेम्पो घेऊन येतो. गाई विकायच्या, दाराला कुलूप लावायचं आणि सुप्याला चलायचं. मला हे असलं परत सोसायचं नाही."

सून चांगली आहे, नातवंडं गोड आहेत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ते घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावरचं. मागं आम्ही आठवडाभर राहून आलो तेव्हा बायकोनं तिथल्या गॅलरीत येणाऱ्या एका कावळ्याला इतकं बोलून घेतलं की तो शेवटी दुसऱ्या इमारतीत राहायला गेला. तिला हाताला काम लागतं. त्या दिवशी मुलगा गेल्यावर ती धार काढायला बसली आणि गाईशी एक शब्द बोलली नाही. एरवी तिची आणि त्या गाईची बोलणी ऐकून मला आमच्या घरातल्या बातम्या कळतात. त्या दिवशी गोठ्यात नुसता बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज. तेव्हा मला खरी भीती वाटली.

बादली घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "कंपनी बदलू. पन पारखून."

पारखणं तिचं मला माहीत आहे. ही गाय घेतली ती घोडेगावच्या बाजारातून. तिथं विकणारे काही वस्ताद असतात. आदल्या दिवशी धार काढतच नाहीत, मग बाजारात गाईची कास भरलेल्या घागरीसारखी दिसते. नवखा माणूस कास बघून पैसे मोजतो आणि घरी आल्यावर तांब्याभर दुधाकडं बघत बसतो. आमच्या बाईनं त्या बाजारात पदर खोचून संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा स्वतः धार काढून बघितली होती, मगच सौदा. तोवर गाईचा मालक, मी आणि टेम्पोवाला असे तिघं झाडाखाली झोपलो होतो.

तिचं म्हणणं होतं की रेंजचंही तसंच. गावात सगळ्याच कंपन्यांच्या कासा भरलेल्या. आपल्या गोठ्यात कोण किती दूध देते ते बघायचं. त्यासाठी सिमं विकत घ्यायची गरज नव्हती. ज्यांच्या खिशात निरनिराळ्या कंपन्यांचे फोन आहेत अशी माणसं वस्तीवर आणायची, एवढंच काम होतं, आणि माणसं आणणं हा माझा प्रांत.

पहिला सापडला तो डेअरीचा दूधवाला, कारण तो रोज येतोच. चहाच्या निमित्तानं त्याला आत घेतला. त्याच्या फोनला फाटकापाशी सगळ्या रेघा होत्या, उंबऱ्यावर एक राहिली आणि स्वयंपाकघरात तीही गेली. तो चहा पिऊन गेला. कंपनी बाद.

मग वायरमन. त्याला बोलावणं सोपं नाही, तार तुटल्यावर तो जितक्या वेळानं येतो तितक्या वेळात माणूस दुसरी वीज शोधून काढील. मी त्याला निरोप धाडला की गोठ्यातल्या बटणाचा झटका बसतोय आणि घरात भजी तळतोय. दुसऱ्या कारणासाठी तो आला. गोठ्यात त्याचा फोन लागला, पण असा लागला की त्यानं केलेलं हॅलो सकाळी निघालं असावं आणि पलीकडच्याला दुपारी जेवताना मिळालं असावं. दोघंही तेवढंच एक बोलत होते आणि दोघंही चिडत होते. भजी संपली, कंपनी बाद.

महिना सरत चालला होता. मी गमती सांगतोय, पण तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं. गाय बघायला एकजण येऊनही गेला. बायकोनं त्याला सांगितलं की गाय लाथ मारते, आणि गाईनंही तिचं ऐकून त्याच्यासमोर पाय उचलला.

तिसरी आली ती गावातली आशाताई, घरोघर फिरून औषधपाण्याची चौकशी करणारी. तिला बायकोनं स्वतः बोलावून घेतलं, गुडघे दुखतात म्हणून. ते दुखतातच, म्हणजे खोटंही नव्हतं. आशाताईला चुलीपाशी पाटावर बसवलं आणि बायको गुडघा पुढं करते तोच तिच्या पिशवीतला फोन वाजला. आमच्या स्वयंपाकघरात. मी बाहेर ओट्यावर होतो, तो दारात येऊन उभा राहिलो. देवघरातली घंटा आपोआप वाजल्यावर माणूस जसा उभा राहील तसा. आशाताई सहज बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, नाही हो, ती कुकरची शिट्टी, मी वस्तीवर आहे. म्हणजे शिट्टीसुद्धा पलीकडं गेली होती.

मग तिला आम्ही गोठ्यात नेलं, दावणीपाशी नेलं, विहिरीपर्यंत चालवलं. बिचारीला वाटलं, गुरुजी वस्ती दाखवतायत. बायको शेवटी म्हणाली, "ताई, गुडघा ऱ्हाऊ द्या. तुमचं सिम कुठल्या कंपनीचं हाय?"

दुसऱ्याच दिवशी मिरजगावच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. आम्हाला वाटलं, सिम बदललं की झालं. दुकानदारानं आमच्या फोनमध्ये नव्या कंपनीचं सिम घालून बघितलं तर फोननं साफ नकार दिला. त्यानं समजावून सांगितलं की हा फोन त्या कंपनीनं स्वतःसाठीच बांधलाय, दुसऱ्याचं सिम तो घेणार नाही. तुम्हाला कुलूप नसलेला फोन लागेल, कुठलंही सिम चालेल असा. बायकोनं त्या फोनकडं असं बघितलं की मी तो हळूच खिशात घातला.

दुकानदार मोठा हौशी माणूस. त्यानं एकेक फोन काढून कॅमेरा दाखवायला सुरुवात केली. याच्यात चेहरा गोरा दिसतो, याच्यात मागचं पुसट होतं. मग एका फोनवरच्या रेघा दाखवून म्हणाला, काकू, रेंज बघा कशी फुल्ल आहे.

"हितं न्हाई बघायची," ती म्हणाली. "बाजारात समद्याच गाई भरलेल्या दिसत्यात. मला पाणी द्या."

त्यानं प्यायला ग्लास दिला. तिनं दोन्ही हात त्यात बुडवले आणि म्हणाली, आता याच्यावर फोन लावा, मी उचलते. तिच्या बोटांची कातडी आयुष्यभर धारा काढून आणि खुरपून अशी झालीय की मतदानाच्या दिवशी लावलेली शाई तिच्यावर टिकली नव्हती. त्यात पाणी. एकाही फोनला ती बोटं वाटली नाहीत. ती काचेवर बोट ओढतेय आणि फोन वाजतोच आहे. काउंटरवर फोनांची रास पडली, दुकानात आलेले लोक रिचार्ज विसरून बघत उभे राहिले आणि एकानं तर सरळ स्टूल ओढून घेतलं.

शेवटी एक साधा फोन निघाला. त्यात अशी सोय होती की काचेला हात न लावता, आवाज वाढवायचं कडेचं बटण दाबलं की फोन उचलला जायचा. दुकानदारानं ती सोय सेटिंगमधून चालू करून दिली, आणि फोन उचलला की बोलणं आपोआप स्पीकरवर येईल अशीही. बायकोनं ओल्या हातानं दाबलं, मग कोपरानं दाबलं, मग पदराच्या आतून दाबलं. तिन्ही वेळा उचलला गेला. घंटाही अशी की बाहेर उभी असलेली म्हैस वळून बघती झाली. ठरला.

पोस्टपेड घेता का, असं त्यानं विचारून बघितलं. आधी बोलायचं आणि महिन्याच्या शेवटी बिल यायचं, ही गोष्ट तिला कळली पण पटली नाही. "आधी भरते, मग बोलते. फोनला भिऊन बोलायचं म्हंजे काय," असं म्हणून तिनं प्रीपेड पक्कं केलं. नंबर जुनाच ठेवला. कंपनी बदलायचा मेसेज दुकानातूनच गेला, आधारकार्ड आणि फोटो झाला, आणि नवं सिम चालू व्हायला चार-पाच दिवस लागतील असं त्यानं सांगितलं.

बाजारातूनच मी मुलाला फोन करून कळवलं की रविवारी सकाळी लाव. तो म्हणाला, लावतो, पण दादा, टेम्पोवाला रविवारचाच सांगून ठेवलाय, नाही लागला तर मी निघणार. त्यात धमकी नव्हती. आवाज थकलेला होता.

रविवारी बायकोनं फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि धारेला बसली. मी दावणीला टेकून उभा. मी जन्मात गप्प बसलेलो नाही, त्या सकाळी बसलो. गाईचं शेपूटसुद्धा मला हलायला नको होतं. धार अर्धी झाली असेल आणि फोन वाजला. बायकोनं दुधानं भरलेला हात पिशवीवर ठेवून बाहेरूनच बटण दाबलं.

"बोल रे."

मग मुलाचा आवाज आला, शेजारी उभा असल्यासारखा. "आई, कुठनं बोलतीयेस? गंजीवरनं?"

"गंज कुठं ऱ्हायली. गोठ्यात हाय. धार काढतीय."

तो श्वास सोडतो ते आम्हा दोघांना ऐकू आलं. इतका लांब श्वास की मला वाटलं, फोनमधून वारा येऊन माझी टोपी जाते की काय. मग त्यानं कोणाला तरी सांगितलं की लागला, गोठ्यात लागला. मागून सुनेचा आवाज आला, "खरंच?" आणि लगेच फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज, चांगला खरखरीत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीपर्यंतचा.

बायकोनं विचारलं, काय ओढताय रे.

"काही नाही गं," मुलगा म्हणाला आणि अडखळला. "पोरांचं अभ्यासाचं टेबल. बाहेर काढलं होतं, तुमच्या खाटेसाठी. आत घेतोय."

मी बायकोकडं बघितलं, बायकोनं माझ्याकडं. पलीकडं टेबल थांबलं होतं. त्यांनाही कळलं असणार की आम्हाला ऐकू गेलं. माझ्या छातीवरचा महिनाभराचा धोंडा तर उतरला होताच, सुप्यालाही एक उतरल्याचा आवाज आम्ही ऐकला होता, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट हसू यायला लागलं.

"घ्या, घ्या आत," बायको म्हणाली. "पन उचलून घ्या दोघांनी. फरशीला चरे पडत्याल."

मग तिनं पिशवी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली, नातवंडांशी बोला म्हणाली आणि राहिलेली धार काढायला बसली. मी बोलत होतो, पण कान तिकडंच होता. ती गाईला सगळं पहिल्यापासून सांगत होती.