आत्या, सारिका आणि कर्जाची म्हैस

बारामतीपासून इंदापूरपर्यंत आमच्या आत्याशी भांडून जिंकलेला माणूस कुणी दाखवला, तर मी त्याच्या घरी वर्षभर पाणी भरीन. कळसला तिचा बचत गट आहे. बायकांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेली बचत, त्यातून शेळीला, शिलाई मशीनला, म्हशीला थोडंथोडं कर्ज, आणि अधूनमधून नर्सबाईंना बोलावून सगळ्यांच्या रक्ताची तपासणी, असा सगळा कारभार. कागदावर याला महिलांचं सक्षमीकरण म्हणतात. आत्या त्याला 'माझ्या डोक्याचा ताप' म्हणते. ती कुणाशी साधं बोलतच नाही. "चहा घे" हेसुद्धा ती असं म्हणते, की आपण कप चोरताना सापडलो आहोत असं वाटावं.

भेटेल त्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची ही तिची पद्धत. आत लाल दिसलं तर ठीक, पांढरं दिसलं की त्या बाईच्या सगळ्या घराण्याचा उद्धार. एका लग्नात तर बोहल्यावर चढून तिने नवरीचीच पापणी ओढली. करवल्या किंचाळल्या, फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला, आणि आत्या मांडवभर ऐकू जाईल अशी ओरडली, "पांढरीफटक हाय पोरगी! आधी खाऊ घाला, मग अक्षता टाका!" तेव्हापासून लोक तिला लग्नाची पत्रिका देतात ती लग्न उरकल्यावर.

बैठकीतही तेच. घरी बायका सगळ्यांच्या शेवटी जेवतात, तेही उरलं तर. म्हणून बैठकीला प्रत्येकीने भाकरी बांधून आणायची आणि सगळ्यांसमोर संपवायची, तोवर कर्जाचं अवाक्षर काढायचं नाही. एकदा एक नवरोबा दारातून डोकावून "आटपा की लवकर" म्हणाला, तर आत्याने त्याच्या हातात तांब्या दिला आणि त्यालाच पाणी वाढायला लावलं.

एवढं करूनही सारिकाच्या बाबतीत व्हायचं ते झालंच. सारिका आमच्या गल्लीतली सून. गटाने तिला म्हशीसाठी कर्ज दिलं, तेही आत्याच्याच हट्टाने. म्हैस आली. दूध सगळं डेअरीत, पैसे सासूच्या कमरेला, आणि वैरण, शेण, धारा एवढं सगळं सारिकाच्या वाट्याला. त्यात तिला आठवा महिना. म्हैस फुगत चालली आणि पोरगी वाळत चालली. नर्सबाई म्हणाल्या, अंगात रक्त फार कमी आहे, आजच बारामतीला नेऊन रक्त चढवा, नाहीतर बाळंतपणात जिवावर बेतेल. सासू म्हणाली, "ती गेल्यावर धार कोण काढणार? तिच्याबिगर म्हस कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाय." नवरा खाली मान घालून मोबाइल चाळत बसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाई मरायला टेकली आहे, आणि या घराला काळजी कसली, तर म्हशीच्या पान्ह्याची!

मला वाटलं, आत्या आता घर डोक्यावर घेणार. पण ती एवढंच म्हणाली, "सारिके, तुझा गाऊन आण." म्हैस माणूस ओळखते ती वासावरून आणि कपड्यांवरून, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या काडीएवढ्या पोरीचा गाऊन आत्याला कुठला बसतोय! बगलेत टर्रकन उसवला. तसाच तो लुगड्यावरून चढवून, डोक्याला सारिकाचा स्कार्फ गुंडाळून आत्या म्हशीखाली बसली. म्हशीने मागे वळून बघितलं आणि अशी लाथ झाडली, की बादली एकीकडे, आत्या दुसरीकडे. उठता उठता ती माझ्यावरच खेकसली, "मुडद्या, माझं काय बघतोस? गाडी काढ! पोरीला ने आधी!"

रक्त चढवलं. पण डॉक्टरांनी सारिकाला घरी सोडलंच नाही. बाळंतपण तिथंच झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तोवर आत्या सकाळ-संध्याकाळ तो फाटका गाऊन घालून लाथा खात होती. सारिका परत आली, तेव्हा म्हैस आत्याच्या हाताला लागली होती आणि सारिकाला जवळसुद्धा येऊ देत नव्हती. सासूला आनंदच झाला, फुकटची मोलकरीण मिळाली! त्या बाईचा मला अजून इतका राग येतो, की तिच्या दारावरून जाताना मी उगाचच हॉर्न दाबतो.

परवा सकाळी आत्याला आणायला गेलो. गुडघ्यावर लाथ बसल्यापासून ती लंगडते, पण धारेला जायची काही थांबत नाही. गोठ्याच्या दाराशी मी थबकलो. आतून आवाज येत होता, इतका मऊ, की मला वाटलं सारिकाच लेकीला निजवतेय. "तुझ्यावर न्हाय गं राग, बाय माझी. तुला ह्या दारात आणली कुणी? मीच ना? दूध किती देतीस, तेवढं बघितलं मी. राबायचं कुणी, ते न्हाय बघितलं."

मी खाकरलो. लगेच नेहमीचा आवाज आला. "कोण हाय? ठोंब्यासारखा उभा का राहिलायस? हा पेला घे. डेअरीत न्हाय, सारिकाला दे. अन् ती पिऊस्तवर तितनं हलू नगंस."

सारिका ओसरीवर लेकीला पाजत बसली होती. सासू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मी पेला दिला, आणि तो रिकामा होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.