परुळेकरांच्या पाच टोपल्या

कमलाकर परुळेकरांची आफ्रिकेत एक बायको आहे, ही बातमी २००७ सालच्या गणपतीत, सिंगापूरच्या मराठी मंडळींच्या मोदकांच्या रांगेत फुटली. रांग लांब होती, त्यामुळे मखरापर्यंत पोचेपर्यंत त्या बायकोला दोन मुलंही झाली होती.

पुरावा प्रकाशने आणला होता. सिंगापूरच्या बिशान भागात परुळेकरांच्याच ब्लॉकमध्ये तीन मजले खाली राहणारा हा प्रकाश ड्रिल मागायला गेला, आणि स्टोअररूमचं दार उघडताच त्याला एकात एक घातलेल्या पाच टोपल्या दिसल्या. गवताच्या जुड्यांवर लाल-हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळून विणलेल्या, बाजाराला न्यायच्या, अगदी बायकी. पस्तिशी उलटल्यावर एकट्याच्या नावावर फ्लॅट घेतलेल्या पुरुषाच्या घरात? आणि तोही दर एप्रिलला सेनेगलला, डाकार शहराला जाणारा?

जातात, पण काजूपायी. परुळेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. इथल्या एका काजू कंपनीसाठी माल पारखतात. मूठभर काजू फोडले की अख्ख्या पोत्याची कुंडली मांडतात. आणि खरी गोष्ट बातमीच्या अगदी उलट होती. डाकारमध्ये त्यांना बायको नव्हती. डाकारमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांची बायको बिशानला असते.

झालं असं, की २००३ साली काम लवकर आटोपलं म्हणून परुळेकर डाकारचा केर्मेल बाजार बघायला गेले. जुना, गोल मंडप. एकदा जळून गेलेला आणि होता तसाच पुन्हा बांधलेला. आत शिरलं की मासळी, मसाले, भाज्या. भोवती फुलं, लाकडी मुखवटे आणि टोपल्या. मासळीच्या वासाने वेंगुर्ल्याचा माणूस खूश झाला आणि बाहेर येऊन एका टोपलीवर बोट ठेवून म्हणाला, "केवढ्याला?"

टोपलीवाली कुम्बा साठीची. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"आधी नमस्कार कर," ती म्हणाली.

तिथली रीतच तशी. सकाळ कशी गेली, तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत, हे सगळं विचारून झाल्याशिवाय किमतीचं नाव काढायचं नाही. उत्तरंही ठरलेली. घरचे कसे आहेत म्हटलं की 'तिथंच आहेत' म्हणायचं, की संपलं. पण परुळेकर पडले पारखी, त्यांना तपशिलाशिवाय चैन कुठलं?

"बायको कशी आहे?" कुम्बाने विचारलं.

आता हा प्रश्न सिंगापुरातल्या प्रत्येक काकूने त्यांना तीस वर्षं उलटा विचारला होता: बायको का नाही? इथे पहिल्यांदा कुणीतरी ती आहे असं धरून चाललं होतं. परुळेकरांना इतकं बरं वाटलं, की संध्याकाळच्या वर्गात शिकलेल्या फ्रेंचमध्ये ते म्हणाले, "बरी आहे. गुडघे दुखतात."

"नाव काय?"

"मधुमती."

तोंडात पहिलं आलं ते. सातव्या मजल्यावरच्या मधुमतीबाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवतात, घटस्फोटाला पंधरा वर्षं झाली, आणि रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, परुळेकरांच्या समोर बसून कमी साखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, पितात. महिन्यातून एकदा दोघं पुलाउ उबीन बेटावर जातात. बाई सायकल थांबवून पानं बघतात, परुळेकर त्यांची पिशवी धरून उभे राहतात. पुढे काही नाही. प्रकाशने बारकाईने लक्ष ठेवलं होतं, तरी काही नाही.

त्यानंतर दर एप्रिलला कुम्बा विचारायची आणि परुळेकर सांगायचे. मधुमती फार मोठ्याने हसते. मधुमतीला मासा स्वतः निवडायचा असतो. सगळं खरं होतं, एक गोष्ट सोडून. पहिली टोपली त्यांनी विकत घेतली, मग दर वर्षी कुम्बा एक भेट द्यायची, "तिच्यासाठी." परुळेकर ती आणायचे आणि सातव्या मजल्यावर न थांबता आपल्या स्टोअररूममध्ये ठेवायचे.

२००७च्या एप्रिलात मात्र कुम्बाने टोपली दिली आणि हात सोडला नाही. "चार वर्षं झाली. तिचा एक निरोप नाही. माझं विणकाम तिला आवडत नसेल, तर सांग. मी म्हातारी आहे, बोटं दुखतात." तिचा चेहरा उतरला होता. "पुढच्या वेळी टोपली घेतलेला तिचा फोटो आण. नाहीतर येऊ नकोस."

तेव्हापासून परुळेकरांना जेवण गोड लागत नव्हतं. खरं सांगावं तर कुम्बा दुखावणार. फोटो मागावा तर रविवारची कोपी जाणार.

गणपतीनंतरच्या रविवारी मधुमतीबाईंनीच विषय काढला. "काय परुळेकर, आफ्रिकेतली मुलं कितवीत आहेत?"

परुळेकरांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मग त्यांना वर नेऊन स्टोअररूम उघडली. बाईंनी टोपल्या एकेक करून मोजल्या.

"माझे गुडघे दुखतात हे तिला सांगितलंत?"

"हो."

"साडेचार वर्षं?"

"हो. चुकलं माझं. फोटोचं राहू द्या. मी तिला खरं सांगेन."

मधुमतीबाईंनी सगळ्यांत वरची टोपली उचलली, कड्या ओढून बघितल्या, वीण अंगठ्याने चाचपली.

"असा कोऱ्या टोपलीचा फोटो नेणार होतात? विणणाऱ्या बाईला एका नजरेत कळेल. आधी वापरायला हवी. चला, बाजार बंद होईल."

"आणि तिला काय सांगू?"

"एप्रिलला अवकाश आहे. तोवर काय सांगायचं ते ठरवू. दोघं मिळून."

तेव्हापासून दर रविवारी मासा बाई निवडतात, टोपली परुळेकर धरतात. तळाला हळदीचा डाग पडला आहे, एक कडी थोडी सैल झाली आहे. परवा लिफ्टमध्ये प्रकाश भेटला. टोपलीतून बाहेर डोकावणाऱ्या शेपटीकडे, मग बाईंकडे, मग परुळेकरांकडे बघून त्याने डोळा मारला.

"काय परुळेकर, मग लग्न कधी?"

परुळेकरांनी टोपली दुसऱ्या हातात घेतली.

"लग्नाला साडेचार वर्षं झाली, प्रकाश. बायकोला तेवढं आत्ता कळलं."