पडद्याच्या म्होरं

"ए बया, त्यो कुटला डावखुरा! तू पडद्यामागनं बगितलंस न्हवं!"

पाटलाच्या घरची वैनी अशी हसली की तिची मिरच्यांची पाटी लवंडली. मग रानातल्या समद्या बाया हसल्या. माजं तोंड भाजल्यागत झालं.

त्येचं असं झालं. औंधाकडनं फिरत फिरत शिनिमाचा तंबू आमच्या गावच्या जत्रंला आला. मदी पडदा. म्होरं गाव, आन् मागं आमची वस्ती. आमी बुद्धाचं झालो, घरातलं देव नदीत सोडलं, तरी तंबूत जागा तीच. मागनं समदं उलटं दिसतं. चवथी शिकलेली मी, पर मला शिनिमाचं नावच वाचता येईना. वाटलं, शाळा इसरले. शिनिमात एक मुखवटेवाला गडी हाय, त्यो डाव्या हातानं धा जणांस्नी लोळवत हुता. मला लय आवडला. मी बी डावखुरी. त्यापायी आईचा मार खाल्ला, मास्तरची छडी खाल्ली. म्हनून मिरच्या तोडता तोडता हौसंनं बोलून गेले, "आवं वैनी, त्यो बी माज्यागत हाय."

वैनीचा दीर, पाटलाचा भाऊ, बांधावर ऊस खात उभा हुता. म्हनला, "तुमास्नी उलटंच शोभतंय."

"मग आज म्होरनं बगते."

तोंडातनं गेलं ते गेलं. त्येनं हातातलं उसाचं कांडकं भिरकावलं. बाभळीखाली झोळीत माजी चार म्हयन्यांची पोर निजलीवती. कांडकं झोळीवर बसलं. पोर किंचाळली. ह्यो हसला.

"म्होरं दिसलीस तर तंगडी मोडीन."

सांजच्या पयल्या खेळाला पोरीला छातीशी बांधून मी निगाले. सासू दारात आडवी. "अगं कुटं मराय चाललीस? माजा ल्योक तिकडं माधवनगरच्या गिरणीत. हितं तुला सोडवाय कोन येनार?"

तिला वलांडून तंबूत गेले, पडद्याच्या म्होरं. बायांच्या अंगाला, कडंला पोतं टाकून बसले. पदर तोंडावर वढला. बत्ती गेली. पडद्यावर नाव आलं. अक्षरं सुलटी. एका दमात वाचलं.

खरं सांगते, शिनिमा चांगला हाय. त्यो गडी दोर धरून माडीवरनं झेप टाकतो तवा बसलेली माणसं उबी ऱ्हात्यात. गरिबाला सोडवतो तवा तंबू शिट्ट्यांनी फुटतो. मी बी टाळ्या वाजवल्या. पर खोटं बी लय हाय. इतका मार, आन् कुनाचा दात पडत न्हाई. पडलेला मानूस उठतो, कापडं झटकतो, चालाय लागतो. माज्या बापाला पाणवठ्यावर मारलं तवा तीन दिस त्यो मुताय बी उठला न्हवता. आन् त्या शिनिमातलं गाव! निस्तं हात जोडून उबं. त्यो कवा येतोय म्हनून. बाया वरडत्यात, एक बी दगूड उचलत न्हाई. मला असा राग आला! अगं, तुज्या पायापाशी पडलाय की दगूड!

तंबूत मशीन एकच. रीळ संपलं की बत्ती लावत्यात.

बत्ती लागली. वैनीची नजर फिरली. "भावजी! ही बगा, बसलीया!"

त्यो बायांतनं तुडवत आला. केस धरलं. पोरीसकट वढली. पाठीत लाथ. परत लाथ. तोंडात माती. पोर खाली चिरडू नये म्हनून कोपरावर पडले, आतनं हाड वाजलं. त्यो म्हनत हुता, "बोलाव की तुज्या मुखवटेवाल्याला!"

लोकं हसली. घडीभर आदी टाळ्या वाजवणारी हीच लोकं. पडद्यामागं आमची माणसं हुती. कुनी हाललं न्हाई. त्यांस्नी काय बोलू? मी तिकडं असते तर मी बी हालले नसते.

तिसरी लाथ पोरीवर आली.

मी त्यो पाय धरला. दातांनी. पोटरीचं मास तोंडात आलं. सोडलं न्हाई. रगात आलं, तरी सोडलं न्हाई. त्यो गुरागत वरडला, खाली बसला, दोन हातांनी पाय धरून रडाय लागला. एवढा मोठा बाप्या. मी रगात थुकले.

मशीनवाला म्हनला, "बाई, जा आता. माजा तंबू जाळत्याल."

"शिनिमा संपला न्हाई," म्हनले. पोतं उचललं, झटकलं, परत बसले. म्होरचं काय बी दिसलं न्हाई. डोळ्यात माती हुती. पर बसले.

त्याला दोन दिस झालं. कोपर सुजून नारळाएवढं झालंय. पोरीसाटी पान्हा फुटत न्हाई. गावातनं निरोप आलाय, ही परत तंबूत दिसली तर वस्तीतल्या एकाला बी रानात काम न्हाई. सासू पाया पडती. मला भ्या वाटतंय, लय वाटतंय. जरा कुटं कडी वाजली की पोरीला घिऊन कोपऱ्यात शिरते.

पर वस्तीतल्या बायांस्नी मी सांगितलंय, सोडवाय कोन येत नसतं. आज शेवटचा खेळ हाय. यायचं तर विळं घिऊन या. न्हाई यायचं तर नका येऊ, मी एकली जाईन. पोरीला घिऊन जाईन.

आन् ह्या बारीला तिसऱ्या लाथंची वाट बगनार न्हाई. त्येनं पाय उचलला की मी तोडणार.