रम्याच्या नावाची जडै

रम्या सकाळी आठच्या बसने ओरत्तनाडूच्या कचेरीत जायची आणि संध्याकाळी सातला परतायची. मधल्या वेळात तिचा नवरा रघोजी नित्याला न्हाऊ घालायचा, भात लावायचा आणि पोरगी झोपली की जेवणाच्या टेबलावर नेट्टी कापायला बसायचा. नेट्टी म्हणजे तळ्यातल्या एका रोपाचा पांढरा, हलका गाभा. पातळ पात्याने तो त्याच्या मोगरकळ्या करायचा आणि जरीच्या पट्टीवर शिवून नवरीच्या वेणीवर चढवायची जडै तयार करायचा. खरा मोगरा दुपारीच माना टाकतो. रघोजीची जडै रिसेप्शनपर्यंत ताजी दिसायची.

टाळेबंदीत त्याची नोकरी गेली, पुढे नित्या झाली, कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, तो थांबला. त्याला त्याची लाज वाटली नाही. ती त्याच्या वडिलांना, व्यंकोजीराव अप्पांना, वाटली. पाहुणे आले की अप्पा जेवणाच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे आणि सांगायचे, आमची सून करते, नोकरी सांभाळून. इन्स्टाग्रामवर नावही ‘रम्या ब्रायडल’. सुरुवातीला रघोजीला ते सोयीचं वाटलं होतं. बायका बिनधास्त फोन करायच्या, रविवारी रम्या टेप घेऊन वेण्यांची मापं आणायची, निम्मं घर त्यावर चालायचं. पण दोन वर्षं आपल्या कामाचं कौतुक बायकोने मान खाली घालून ऐकायचं आणि आपण शेजारी बसून पोरीचं नाक पुसायचं, हे त्याच्या आत आंबत गेलं.

पापनाशमला जयलक्ष्मीकाकूंच्या लेकीचं, हरिप्रियेचं लग्न होतं. काकू नात्यातल्याच. जडै अर्थातच ‘रम्याची’. मुहूर्ताला तासभर असताना काकू धापा टाकत नवरीच्या खोलीतून खाली आल्या. ब्यूटिशियनने वेणी फारच बारीक घातली होती आणि जडै घसरत होती. रम्याने रघोजीकडे पाहिलं. तो उठायला लागला तसं अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“तिला जाऊ दे. तू बस.”

रम्या गेली. मागच्या गाठी कशा सोडायच्या, हे तिला कुठे ठाऊक होतं? दहा मिनिटांनी ती काकूंच्या मागोमाग जिना उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता आणि काकूंचा आवाज सगळ्या मंडपात ऐकू येत होता.

“बाजारातून विकत आणायचं आणि आपलं नाव लावायचं. साधी एक गाठ मारता येईना हिला.”

बायका हसल्या. कचेरीत गाठी फायलींना मारतात, असं कुणीतरी म्हणालं. अप्पा छताच्या पंख्याकडे बघत राहिले. सुनेला चोर म्हटलं तरी चालेल, पण मुलगा नेट्टी कापतो हे कळता कामा नये! रघोजीने मनगट हिसडून सोडवलं.

“जडै मी केलीय, काकू. दोन वर्षं सगळ्या मीच करतोय.”

“चेष्टा करतोय तो,” अप्पा म्हणाले.

“दार कशाला ओढून घेता मग, अप्पा?”

नवरीच्या खोलीत पुरुष नको म्हणून काकू अडून बसल्या. शेवटी हरिप्रियाच बाहेर आली आणि जिन्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठमोरी बसली. रघोजीने रम्याच्या पर्समधली सुई घेतली, गाठी उसवल्या, पट्टी मुडपून आत घेतली. भोवती बायका वाकून बघत होत्या. त्याच्या बोटांत इतका राग होता की टाके हवे त्याहून घट्ट पडले.

“अण्णा, दुखतंय,” ती म्हणाली.

एक टाका त्याने सैल केला. बाकीचे तसेच ठेवले.

लग्न पार पडलं, जडै तसूभर हलली नाही. निघताना काकूंनी नारळ-विडा घातलेली तांबूलाची पिशवी रम्याच्या हातात दिली आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

“नवऱ्याला छान शिकवलंस हो.”

रम्याने पिशवी त्यांच्या हातात परत ठेवली. “त्यांना द्या,” ती म्हणाली. काकू हसल्या, पिशवी नित्याच्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळल्या.

बसमध्ये रम्याने फोन पुढे केला. नाव तुम्हीच बदला, म्हणाली. रघोजीने ‘रम्या ब्रायडल’ पुसलं आणि आपलं नाव टाकलं. पुढच्या सीटवरून अप्पा मागे न बघता बोलले.

“आता एकही बाई फोन करायची नाही.”

“न करू देत,” रघोजी म्हणाला. करणार नाहीत हे त्यालाही दिसत होतं. नित्याच्या शाळेची फी, घराचं भाडं, सगळं दिसत होतं. त्याने खात्यावरचा फोटोही काढून टाकला, रम्याचा, हसरा, हातात जडै धरलेला.