व्याह्यांची बटणं आणि माझे कप्पे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मोटारीतले कप्पे हे मोटारीसाठी असतात, घरासाठी नसतात. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचं? मीही तसंच म्हणाले असते. त्या रविवारच्या आधी!

आमच्या ओंकारने सईला पसंत केलं, सईने ओंकारला. सईच्या वडिलांनी, वसंतरावांनी, आम्हाला पसंत केलं (ते कुणालाही करतात). उरल्या फक्त सईच्या आई, शकुंतलाबाई. निपाणीच्या शाळेत आयुष्यभर मुलींना शिस्त लावून निवृत्त झालेल्या. दोघं इथे आमच्याच शहरात, के. आर. पुरमला थोरल्या मुलीकडे आले होते. रविवारी बनशंकरीला आमचं घर बघायचं आणि होकार की नकार ते सांगायचं, असं शकुंतलाबाईंनी जाहीर केलं होतं.

"काकू, एक सांगू?" आदल्या संध्याकाळी सई फोनवर कुजबुजली. "आई पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाते आणि कपाटं उघडून बघते. ताईच्या वेळी पहिलं स्थळ तिने एका कपाटावरून मोडलं."

"का गं? कपाटात काय होतं?"

"सगळंच!"

फोन ठेवून मी थेट कपाटापाशी गेले. कारण आमच्याही कपाटात सगळंच आहे! 'टाकणे' हे क्रियापद आमच्या घरात फक्त फोडणीसाठी वापरतात. माळा भरलेला, पलंगाखाली भरलेलं, कपाटाचं दार तर आम्ही खांदा लावून बंद करतो. हे सामान लपवायचं कुठे? रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आणि सकाळी गॅलरीतून खाली बघितलं, तर आमची नवी कोरी गाडी उभी!

काय ते कप्पे! दारांना कप्पे, समोर कप्पा, दोन सीटांच्या मध्ये हाताखाली कप्पा, अहो, डोक्यावरसुद्धा कप्पा. चाकं लावलेलं फडताळच ते! हे आंघोळीला गेल्याबरोबर मी पिशव्या भरभरून खाली-वर, खाली-वर सुरू केलं. तासाभरात घर लख्ख. पाहुण्यांना ओंकार टॅक्सीने आणणार होता, त्यामुळे गाडीकडे कोण बघतंय?

वर आले, तर हे फोनवर. "छे छे वसंतराव, टॅक्सी कशाला? मी येतो ना न्यायला! नवी गाडी आहे!"

"अहो, येऊ द्या ना त्यांना टॅक्सीने," मी म्हटलं.

"व्याही पहिल्यांदा येतायत. टॅक्सीने?"

"मग मीही येते."

"तू कशाला?"

"गाडीची काळजी वाटते मला!" (खरंच वाटत होती.)

यांना खरं सांगायची सोय नव्हती. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. गाडीबरोबर आलेलं पुस्तक यांनी पोथीसारखं वाचलं, रोज एक अध्याय. चालत्या गाडीत सुटी वस्तू ठेवू नये, हा त्यातला अध्याय तर यांना तोंडपाठ. जाताना मी वाटभर एकेका झाकणावर नजर ठेवून राहिले.

के. आर. पुरमला वसंतराव पुढे यांच्या शेजारी बसले, आम्ही दोघी मागे. शकुंतलाबाईंनी चष्म्यातून गाडीभर नजर फिरवली. "गाडी छान ठेवलीय हो. कुठं पसारा नाही."

पहिलं प्रशस्तिपत्र! मी ताठ बसले. पण वसंतराव! या माणसाला एक खोड. बटण दिसलं की "हे काय हो?" म्हणायचं आणि उत्तर यायच्या आत दाबायचं!

"हे लाल त्रिकोणाचं काय हो?" टक! गाडीचे चारही दिवे लुकलुकायला लागले. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून कानडीत विचारलं, नक्की वळायचं कुठे? "एन् सार? लेफ्टा, रैटा?"

"वसंतराव, ते संकटात दाबायचं असतं!" ह्यांनी घाईघाईने बंद केलं.

"आता संकट नाही होय?"

"नाही!"

(मी मनात म्हटलं, थांबा जरा.)

"आणि हे काय हो?" त्यांनी समोरचा कप्पा उघडला. आधी पिशव्यांची पिशवी आली. मग रबरबँडांचा गोळा, वाढदिवसांच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, चष्म्यांची रिकामी घरं आणि शेवटी, थांबून थांबून, मोठ्या रुबाबात, माझ्या सासूबाईंचा बत्ता!

"हे कुठून आलं?" ह्यांचा आवाज चिरकला.

"गाडीबरोबर दिलं असेल!" मी मागून.

"बत्ता?"

"टूलकिटमध्ये काहीतरी जड असतंच की!"

 शकुंतलाबाईंनी हात पुढे करून पिशव्या मागे घेतल्या आणि एकेकीची त्रिकोणी घडी घालायला लागल्या. त्या नुसत्या रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण घडी घालत होत्या हो! एकेक घडी पडत होती आणि मला ओंकारचं लग्न एकेक पाऊल लांब जाताना दिसत होतं.

"मांडीवर लई सामान झालं. स्वल्प मागं सरकतो," म्हणत वसंतरावांनी सीटखालची दांडी ओढली. सीट सुसाट मागे आली आणि शकुंतलाबाईंच्या गुडघ्यांवर थडकली.

"अहो!" त्यांचा निपाणीचा वर्गातला आवाज लागला. वसंतराव दचकले, हे दचकले, नेमका एक स्कूटरवाला आडवा आला आणि ह्यांनी ब्रेक मारला. यांच्या सीटखालून काहीतरी गडगडत पुढे गेलं.

"माझ्या पायात काय आलं?"

"नारळ!" मी किंचाळले.

"तुला कसं कळलं?"

आता काय सांगू, कपाटातले ओटीचे नारळ आहेत म्हणून? स्कूटरवाला गेला, गाडी पुन्हा मुंगीच्या पावलांनी चालली होती, पण चालली होती. नारळ ब्रेकखाली बसला होता, ब्रेक दबत नव्हता आणि पुढच्या बसचा मागचा भाग मोठा, मोठा, आणखी मोठा होत होता! शकुंतलाबाईंनी माझा हात धरला. मी देवाचा धावा केला. ह्यांनी मात्र हँडब्रेक ओढला. बसवर लिहिलेलं कानडी मला प्रथमच स्पष्ट वाचता आलं, इतक्या जवळ आम्ही थांबलो.

बस पुढे सरकली. ह्यांनी वाकून नारळ बाहेर काढला, गाडी कडेला घेतली आणि लाल त्रिकोण दाबला.

"आत्ता आहे की संकट!" वसंतराव समाधानाने म्हणाले.

 शकुंतलाबाईंनी माझा हात सोडला, रुमालाने आपला पुसला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. संपलं, मी समजले. वसंतरावांना घाम फुटला होता. त्यांनी एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. ह्यांच्या चष्म्यावर घाम ओघळला होता. "पुसायचं फडकं इथे ठेवलंय मी," असं म्हणत ह्यांनी डोक्यावरच्या कप्प्याकडे हात नेला.

आणि मला आठवलं, त्या कप्प्यात मी काय कोंबलं होतं ते.

लग्नपत्रिकांबरोबर, देवळातून, वाणाबरोबर येतात ना, त्या हळदीकुंकवाच्या पुड्या? वर्षानुवर्षांच्या! टाकायच्या कशा? पाप लागतं! त्या सगळ्या मी अंगठ्याने दाबदाबून तिथे भरल्या होत्या. कागद फुटेपर्यंत.

"अहो, नको!"

टक.

हळद वजनदार. ती सरळ खाली आली, दोघा पुरुषांच्या टकलांवर, मिशांवर, पांढऱ्या शर्टांवर. कुंकू हलकं असावं. ते एसीच्या झोतावर स्वार होऊन मागे आलं! क्षणभर गाडीत काही दिसेना. नुसतं खोकणं, शिंकणं आणि चार लुकलुकणारे दिवे. मी चाचपडत काच खाली केली, तर बाहेर तोच रिक्षावाला! त्याने आत बघितलं, हात जोडले आणि रिक्षा पुढे काढली.

धुरळा बसला. पुढे दोन पिवळे पुरुष. मागे आम्ही दोघी लालबुंद. शकुंतलाबाईंनी चष्मा काढला. डोळ्यांभोवतीची तेवढी दोन वर्तुळं मूळच्या रंगाची राहिली होती.

"माझंच आहे हो सगळं," मी रडवेली होऊन हात जोडले. "घर नीट दिसावं म्हणून घर गाडीत भरलं. नाव ठेवायचं तर मला ठेवा, माझ्या पोराला नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या दोन पिवळ्या टकलांकडे. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या! हसताना अंगावरचं कुंकू उडत होतं, त्याने ठसका लागत होता, ठसक्याने आणखी कुंकू उडत होतं. शेवटी श्वास मिळाला तेव्हा माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारून त्या ओरडल्या,

"आता नाही म्हणायची सोय ठेवलीत कुठं हो वरमाय? पोरांच्या आधी बापांना हळद लावून मोकळ्या झालात की!"